क्रॅकमुळे चार वर्षांचं काम गेलं, त्यानंतरचे अकरा महिने

मी साताऱ्यात घरातूनच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, शाळांची स्नेहसंमेलनाची पत्रकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, अधूनमधून एखादा कवितासंग्रह. घरचा मुख्य कॉम्प्युटर एकच आणि वापरणारे चौघं: मी, नवरा, नववीतला मुलगा आणि आप्पा, म्हणजे माझे सासरे. आप्पा त्यावर पेपर वाचतात, कीर्तनं ऐकतात आणि पेन्शन जमा झाली का ते बँकेच्या साइटवर बघतात. अशा चार हातांच्या मशीनला व्हायरसपासून सांभाळायला मी काय केलं आणि अकरा महिन्यांत त्यातलं काय टिकलं, ते लिहिते आहे.

आधी हे करावं का लागलं ते सांगते. फेब्रुवारी २०२५, ऐन लग्नसराई. एका डिझाइनच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती हवी होती आणि ती विकत घ्यायची सोडून मी तिचं क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चालणारी फोडलेली आवृत्ती, शोधलं. डाउनलोडबरोबर सूचना होती: इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा. माझ्याकडे विकतचा अँटिव्हायरस होता, मुदत संपायला पाच महिने बाकी होते, चालतही नीट होता. मी तो बंद केला. चहा टाकून परत येईपर्यंत पत्रिकांच्या फाइलींच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरं लागली होती आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी पडली होती. फाइली परत हव्या असतील तर ९९९ डॉलर द्या, ७२ तासांत आलात तर निम्मे.

फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या या जातीला स्टॉप किंवा डीजेव्हीयू म्हणतात आणि ती मुख्यतः क्रॅक व की-जनरेटर, म्हणजे खोटे परवाना-क्रमांक बनवणारे प्रोग्रॅम, यांतूनच पसरते. युरोपोल ही युरोपीय संघाची पोलीस संस्था आणि नेदरलँड्सचे पोलीस यांनी सुरक्षा कंपन्यांना बरोबर घेऊन २०१६ मध्ये 'नो मोअर रॅन्सम' ही मोफत मदतीची साइट सुरू केली. तिथे चिठ्ठी आणि एक बंद झालेली फाइल चढवली की कोणती जात आहे ते कळतं आणि असलीच तर फाइली उघडायची किल्ली मिळते. हल्ल्याच्या वेळी व्हायरसला नेटवरून आपल्या सर्व्हरशी बोलता आलं नाही, तर तो ठरावीक, ठेवणीतली किल्ली वापरतो. ती कधीतरी सापडू शकते. माझं नेट उत्तम चालू होतं, त्यामुळे माझ्या मशीनसाठी वेगळी किल्ली तयार झाली आणि ती फक्त त्या चोरांकडे आहे. पैसे भरले नाहीत. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, मग मशीन पूर्ण पुसून विंडोज ११ नव्यानं टाकलं. या क्रॅकबरोबर बहुतेकदा पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅमही येतो. म्हणून सगळे पासवर्ड मी फोनवरून बदलले, त्या कॉम्प्युटरवरून नाही, आणि ईमेलच्या खात्यात 'सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा' हेही केलं. ब्राउझरमधून लॉगिनची खूणच चोरीला गेली असेल, तर नुसता पासवर्ड बदलून भागेलच असं नाही.

तेव्हापासून ओळखीचे लोक एकच विचारतात, आता कोणता अँटिव्हायरस घेतलास? माझ्याकडे अँटिव्हायरस होता. त्याचा काहीच दोष नव्हता. तो बंद करायचं बटण माझ्या हाताशी होतं, तिथे सगळं बिनसलं. म्हणून नव्या मशीनवर मी पहिलं काम केलं ते हे बटण सगळ्यांच्या हातून काढून घेण्याचं, स्वतःच्या हातूनही.

विंडोजमध्ये दोन प्रकारची खाती असतात, सगळे अधिकार असलेलं ॲडमिनिस्ट्रेटर आणि मर्यादित अधिकारांचं स्टँडर्ड. दुकानातून आलेल्या मशीनवर सहसा एकच खातं असतं आणि ते ॲडमिनिस्ट्रेटर असतं. मी 'घरमालक' नावाचं वेगळं ॲडमिनिस्ट्रेटर खातं उघडलं, त्याला लांबलचक पासवर्ड दिला आणि तो कागदावर लिहून सासूबाईंच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली ठेवला. बाकी चौघांची चार खाती, चारही स्टँडर्ड. आता कुठलाही प्रोग्रॅम विंडोजच्या मुळात हात घालायला लागला किंवा कुणी संरक्षण बंद करायला गेलं, की पासवर्ड विचारला जातो. विंडोजमध्ये 'टॅम्पर प्रोटेक्शन' नावाची सोय आहे, तीही चालू असावी. पण ती दुसऱ्या प्रोग्रॅमला अडवते. ॲडमिनिस्ट्रेटर खात्यात बसलेला माणूस हातानं बटण दाबायला गेला तर त्याला कोण अडवणार? त्यासाठी कपाटच लागतं.

पहिल्या महिन्यात मी सासूबाईंना बहुधा दर दोन दिवसांनी कपाटाची किल्ली मागत होते. प्रिंटरचा ड्रायव्हर, फॉन्ट, मराठी टायपिंगचा जुना प्रोग्रॅम. मुलगा तर चिडलाच होता, त्याच्या खेळासाठी कुठल्यातरी साइटवरचं मॉड, म्हणजे खेळात बदल करणारी फाइल, हवी होती. मे महिन्यापासून हे खूप कमी झालं. दिवाळीनंतर आजपर्यंत तीनदाच कपाट उघडलं आहे. कपाटापर्यंत चालत जाताना आणि सासूबाईंना "कशाला हवंय?" याचं उत्तर देताना मला दोन वेळा स्वतःलाच कळलं की हे इन्स्टॉल करायची गरज नाही.

इथे एक गोष्ट मला फार उशिरा समजली, ती नीट सांगते. स्टँडर्ड खातं विंडोजला वाचवतं, तुमच्या फाइलींना आपोआप वाचवत नाही. मुलाच्या खात्यात खंडणीचा व्हायरस शिरला, तर त्या खात्याला जिथे जिथे लिहिता येतं तिथल्या फाइली तो बंद करणारच. माझं 'डॉक्युमेंट्स' फोल्डर माझ्या खात्याच्या आत आहे, तिथे मुलाच्या खात्याला जाता येत नाही. पण आपल्याकडे मशीन घेतलं की दुकानदार सी, डी, ई असे कप्पे करून देतो आणि आपण काम 'डी'मध्ये ठेवतो, विंडोज उडालं तरी काम राहावं म्हणून. हा डी कप्पा, वेगळं काही केलं नसेल तर, मशीनवरच्या सगळ्या खात्यांना लिहायला मोकळा असतो. म्हणजे घराला कुलूप आणि गोठा उघडा. जूनमध्ये हे लक्षात आलं आणि सगळं काम मी माझ्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये हलवलं. तुमच्याकडे डी कप्पा असेल तर आजच बघा.

आता अँटिव्हायरसबद्दल. मी विंडोजबरोबर येणाराच, मायक्रोसॉफ्ट डिफेंडर, वापरते आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, तो पुरता अँटिव्हायरस आहे. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, वेग आणि वापर अशा तीन बाबींना प्रत्येकी ६ गुण देते आणि डिफेंडरला अनेकदा पैकीच्या पैकी मिळाले आहेत. पण मी तो निवडला त्याचं कारण दुसरं. विंडोजच्या 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'मध्ये, म्हणजे खंडणीच्या व्हायरसपासूनच्या संरक्षणात, 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' नावाची सोय आहे आणि डिफेंडर हाच मुख्य अँटिव्हायरस असेल तेव्हाच ती चालते. ती चालू केली की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरमध्ये फक्त विश्वासू प्रोग्रॅमना लिहिता येतं, अनोळख्याला नाही. मुळात ती बंद असते, आपण जाऊन चालू करावी लागते. मला फेब्रुवारीत जे हवं होतं ते नेमकं हेच.

डीटीपीवाल्यांनी ती लावताना आठवड्याभराची सवड ठेवावी. माझा मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम जुना, फारसा कुणी न वापरणारा. त्यानं फाइल सेव्ह करायला घेतली की उजवीकडे खाली सूचना यायची, बदल अडवला म्हणून. अनोळखी प्रोग्रॅमला अडवणं हेच तिचं काम, त्यामुळे तक्रार नाही. 'अलाउ ॲन ॲप' मध्ये जाऊन असे पाच प्रोग्रॅम एकेक करून जोडले, मार्चअखेरपर्यंत त्रास संपला. फक्त जोडताना प्रोग्रॅमचा पत्ता वाचा. तो 'प्रोग्रॅम फाइल्स'मधला असावा. 'डाउनलोड्स' किंवा 'टेंप'मधला असेल तर हात आवरा.

याच जागी 'एक्स्क्लूजन्स' नावाची यादी असते, म्हणजे अँटिव्हायरसनं काय तपासू नये त्याची. क्रॅकच्या सूचनांत बरेचदा तिथेच नोंद करायला सांगतात. कोल्हापूरला भाच्याकडे गेले तेव्हा सहज उघडून पाहिली, तर अख्खा सी ड्राइव्ह त्या यादीत होता. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी गेम टाकून दिला होता म्हणे. वर हिरवी बरोबरची खूण, सगळं ठीक असल्याची, आणि आत काहीच तपासलं जात नव्हतं. ती यादी रिकामी असायला हवी.

डिफेंडर चालतो की नाही हे बघायला आयकार (EICAR) या संस्थेचा चाचणी-मजकूर वापरावा. तो ६८ अक्षरांचा निरुपद्रवी मजकूर आहे, सगळे अँटिव्हायरस त्याला मुद्दाम व्हायरस समजतात. मी दर तिमाहीला एकदा नोटपॅडमध्ये तो सेव्ह करून बघते. तिन्ही वेळा लगेच उचलला गेला. त्यामुळे फक्त चौकीदार जागा असल्याचं कळतं, तो किती हुशार आहे ते कळत नाही.

डिफेंडरची उणी बाजू सांगायलाच हवी. त्याची बरीचशी हुशारी कंपनीच्या सर्व्हरवर असते. नेट नसताना तो नवे व्हायरस पकडण्यात कमी पडतो, स्वतंत्र चाचण्यांतही हे दिसलं आहे. आमच्याकडे पावसाळ्यात नेट तास-तास जातं. म्हणून घरात नियम केला, नेट नसताना बाहेरचा पेनड्राइव्ह लावायचा नाही. फारच घाई असेल तर फोनचं नेट जोडायचं.

आणि पेनड्राइव्ह हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा धोका आहे, शहरातल्या ऑफिसवाल्यांना तो कळायचा नाही. नवरदेवाचा भाऊ फोटो स्टुडिओतून पेनड्राइव्ह भरतो, वाटेत झेरॉक्सच्या दुकानात आधारची प्रिंट काढतो आणि मग माझ्याकडे येतो. झेरॉक्सच्या मशीनला दिवसाला किती पेनड्राइव्ह लागत असतील! तिथे चिकटतो तो शॉर्टकट व्हायरस. तो खरं फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट तिथे ठेवतो. आपण त्यावर दोनदा क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो, मग खरं फोल्डरही उघडतो. फोटो दिसले, काम झालं, कुणाला शंकाही येत नाही. ओळखायची खूण म्हणजे फोल्डरच्या चित्राच्या कोपऱ्यातला छोटा बाण. पेनड्राइव्हमधल्या 'फोटो' नावाच्या फोल्डरला बाण असायचं काहीच कारण नाही.

म्हणून मी फाइल एक्स्प्लोररमध्ये 'व्ह्यू', मग 'शो' यात जाऊन लपलेल्या वस्तू आणि फाइलींची शेपटी, म्हणजे एक्स्टेन्शन, दोन्ही दिसतील असं केलं. शिवाय फोल्डर ऑप्शन्समधली 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स' लपवण्याची खूणही काढली, कारण हा व्हायरस खऱ्या फोल्डरला सिस्टमचं फोल्डर असल्याचं भासवतो आणि तेवढ्यानं ते दिसेनासं होतं. पेनड्राइव्ह लावला की उघडायच्या आधी त्यावर राइट-क्लिक करून डिफेंडरनं तपासते. अकरा महिन्यांत असे सात पेनड्राइव्ह सापडले. सातही गिऱ्हाइकांना मी त्यांचे फोटो बाहेर काढून दिले आणि घरचा कॉम्प्युटर तपासा म्हणून सांगितलं. दोघांना राग आला. आता शक्यतो फोटो ईमेलनं किंवा गूगल ड्राइव्हवरच मागवते.

शेपटी दिसण्याचा फायदा व्हॉट्सॲप वेबवरही झाला. ऑगस्टमध्ये अनोळखी नंबरवरून 'पत्रिका मजकूर' अशी झिप, म्हणजे फाइलींचं बांधलेलं गाठोडं, आली. आत पीडीएफचं चित्र असलेली फाइल होती, नावात पीडीएफ होतं आणि त्याही पुढे ईएक्सई, म्हणजे तो कागद नव्हे, प्रोग्रॅम होता. शेपटी लपलेली असती तर मी ती नक्की उघडली असती, आमचं कामच ते आहे. शंका आली की मी व्हायरसटोटलवर फाइल चढवते, तिथे एकाच वेळी कितीतरी अँटिव्हायरस ती तपासतात. पण तिथे चढवलेली फाइल इतर संस्थांनाही पाहता येते, म्हणून गिऱ्हाइकाचा खाजगी कागद, पॅनकार्ड, पतसंस्थेचा ताळेबंद असलं काही तिथे टाकू नका.

आप्पांचा अनुभव वेगळा. जुलैत ते कीर्तन ऐकत असताना अचानक अख्खा पडदा लाल-निळा झाला, भोंगा वाजायला लागला, तुमचा कॉम्प्युटर व्हायरसनं ग्रासला आहे, या नंबरवर ताबडतोब फोन करा. आप्पा ७६ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू. फोन हातात घेतलाच होता, सुदैवानं मी घरात होते. हा व्हायरस नसतोच, ते फक्त एक वेबपान असतं. फोन केला की समोरचा एनीडेस्कसारखं दूरून मशीन चालवायचं ॲप टाकायला सांगतो आणि मग बँक. अशा ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. एस्केपचं बटण दाबून धरलं, पडदा लहान झाला, खिडकी बंद केली. बस. आप्पांसाठी मॉनिटरच्या कडेला मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली आहे: "भोंगा वाजला तर एस्केप दाबून धरा. फोन करू नका. सूनबाईंना हाक मारा."

असली पानं बहुतेक जाहिरातींतून येतात. मी फायरफॉक्समध्ये जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन घातलं. क्रोममध्ये आता त्याची लाइट आवृत्तीच चालते, तीही काही नसण्यापेक्षा पुष्कळ बरी. जाहिराती अडवणं ही मला आधी निव्वळ सोय वाटायची. पण २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या एफबीआयनंही लोकांना जाहिरात-रोधक वापरायचा सल्ला दिला होता, कारण शोधयंत्रातल्या जाहिरातींतून खोट्या साइट पसरत होत्या. जुलैनंतर आप्पांच्या खात्यात तसं पान पुन्हा आलेलं नाही. बँकेचा पत्ता त्यांना बुकमार्क करून दिला आहे, शोधून जायचं नाही. रिझर्व्ह बँकेनं बँकांना डॉट बँक डॉट इन असा राखीव पत्ता घ्यायला लावला, त्यामुळे शेवटची अक्षरं वाचायला आप्पांना शिकवणं सोपं झालं. आता ते मलाच तपासून दाखवतात.

राउटरचं थोडक्यात: कंपनीकडून आलेला पासवर्ड बदलला आणि डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेच्या जागी, क्लाउडफ्लेअर कंपनीचा १.१.१.२ टाकला, तो माहितीतल्या घातक साइट उघडूच देत नाही. पाच मिनिटांचं काम, नंतर बघावंही लागलं नाही. पासवर्ड जपून ठेवायला बिटवॉर्डन हा प्रोग्रॅम, मोफत आवृत्ती पुरते.

बॅकअपवर मात्र मी सगळ्यात जास्त जीव लावला आहे. फेब्रुवारीत माझ्याकडे बॅकअप होता. एक्स्टर्नल हार्ड डिस्क होती आणि ती कायम मशीनला जोडलेली असायची. तिच्यावरच्या फाइलीही बंद झाल्या, ओळीनं, एकही न सोडता. जोडून ठेवलेली डिस्क म्हणजे आणखी एक ड्राइव्ह, बॅकअप नव्हे. आता १ टीबीच्या दोन डिस्क आहेत, दोन्ही मिळून साडेनऊ हजार पडले. या सगळ्या व्यवस्थेतला मोठा खर्च तेवढाच. शुक्रवारी संध्याकाळी एक जोडते, कॉपी होते, काढून कपाटात. पुढच्या शुक्रवारी दुसरी. एक कपाटात असते तेव्हा दुसरी माहेरी, वाईला, आईच्या ट्रंकेत. आमचं वाईला जाणं-येणं असतंच, त्यामुळे अदलाबदल होते. चालू कामाच्या फाइली गूगल ड्राइव्हवरही जातात. महिन्यातून एकदा कपाटातल्या डिस्कवरून कोणतीही एक जुनी पत्रिका उचलून दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघते. सप्टेंबरात असं बघताना कळलं की फॉन्टचं फोल्डर बॅकअपमध्ये घ्यायचंच राहिलं होतं. पत्रिका उघडली, पण सगळ्या मजकुराच्या जागी चौकोन. उघडून बघितलं नसतं तर हे गरजेच्या दिवशी समजलं असतं.

तो दुसरा लॅपटॉप नवऱ्याचा, जुना, विंडोज १० चा. विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती त्यात नाही. मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची दुरुस्ती मिळते. मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन-इन करून सेटिंग्ज सिंक केल्या तर पैसे पडत नाहीत, आम्ही तसंच केलं. डिफेंडरच्या नव्या नोंदी त्यानंतरही येत राहतील, पण त्यावर विसंबून राहू नका. व्हायरसची ओळख असणं वेगळं आणि ज्या भोकातून तो शिरतो ते बुजवलेलं असणं वेगळं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीचा व्हायरस जगभर पसरला तेव्हा त्या भोकाची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. ज्यांनी ती लावली नव्हती ते सापडले. आमच्या लॅपटॉपवर ऑक्टोबर २०२६ च्या आत विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकायचं ठरलं आहे, नवऱ्याला ब्राउझर आणि ईमेलपलीकडे काही लागत नाही.

मग विकतचा अँटिव्हायरस घ्यायचाच नाही का? ज्यांना हे सगळं स्वतः लावणं जमणार नाही, अडलं तर मराठीत बोलणारं कुणी हवं आहे, त्यांनी जरूर घ्यावा. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या भावांनी कॅलक्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून क्विक हील ही अँटिव्हायरसची कंपनी उभी केली, त्याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान आहे. सरकारचं सायबर स्वच्छता केंद्रही २०१७ पासून मोफत सफाईची साधनं देतं. पण काहीही घ्या, रोजचं काम स्टँडर्ड खात्यातून करा आणि बॅकअपची डिस्क मशीनपासून तोडून ठेवा. आणि क्रॅक नको. ते डिझाइनचं सॉफ्टवेअर मी आता पैसे भरून वापरते आणि छोटी कामं इंकस्केपमध्ये करते, ते मोफत आहे आणि युनिकोड मराठी नीट दाखवतं. पत्रिकेमागे मी ५० रुपये वाढवले, एकही गिऱ्हाईक गेलं नाही.

फेब्रुवारीत बंद झालेल्या फाइली मी पुसल्या नाहीत. जुन्या हार्ड डिस्कवर तशाच आहेत, चिठ्ठीसकट, कारण चोर पकडले गेले किंवा त्यांचे सर्व्हर हाती लागले की कधीकधी किल्ल्या बाहेर येतात आणि तेव्हा मूळ बंद फाइली जवळ असाव्या लागतात. डिस्कवर 'उघडू नये, टाकूही नये' असं लिहून ती कपाटाच्या वरच्या खणात ठेवली आहे. त्यात चार वर्षांच्या पत्रिका आहेत आणि एका निवृत्त बाईंचा ओव्यांचा संग्रह आहे, अर्धा टाइप केलेला. त्यांची हस्तलिखित वही माझ्याकडेच आहे. रोज दुपारी दोन पानं पुन्हा टाइप करते, आज एकशे चौदावं पान झालं.